सुगंधाच्या माथ्यावरची शपथ

"मोठ्यान बोल, विश्राम. देवीक आयकूक येऊक होया," मी म्हणालो.

विश्राम मेस्त्री हातात नारळ धरून गाभाऱ्यापुढे उभा होता. द्वारकेने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला इस्त्रीचा सदरा घालून आणलं होतं आणि तो सदरा कुणाकडून तरी मागून आणल्यासारखा दिसत होता. नवरात्रातली सातवी माळ होती. सातेरीचं देऊळ माणसांनी भरलेलं होतं. विश्राम ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "आयकूक येना नाय!" आणि दोघं-तिघं हसले.

ते हसू मला लागलं. विश्रामला लागलं असेल नसेल, पण मला लागलं, कारण गाऱ्हाणं माझं होतं.

या गोष्टीला आता बत्तीस वर्षं झाली. आमच्या तळकोकणात कुणाची अडचण असली की ती देवापुढे खणखणीत आवाजात मांडतात. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. गाऱ्हाणं घालणारा एकेक वाक्य बोलतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. आमच्या गावात तो मान माझ्याकडे होता. मी गाऱ्हाणं चांगलं घालायचो, आणि चांगलं घालतो हे मला ठाऊकही होतं. सगळा घोळ या दुसऱ्या गोष्टीने केला. माझ्या गाऱ्हाण्याला बायका डोळे पुसायच्या. मुंबईला गेलेले लोक घर बांधलं की मुद्दाम मला बोलावून न्यायचे. माझी बायको सुभद्रा मात्र म्हणायची, "एक दिवस देवीच उठान सांगतली, तातू, माका पण जरा बोलूक दी."

विश्राम हा सुतार. देवीची फणसाच्या लाकडाची पालखी त्याच्या हातची. तसा कारागीर पंचक्रोशीत नव्हता. पण काजूच्या दारूने त्याला धरलं होतं. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळी रंधा धरायच्या आधी. द्वारका आठवड्यापूर्वी माझ्या पडवीत येऊन बसली होती. "तातू, तेका शपथ घाला. माझा आयकना नाय, देवीचा तरी आयकात," असं म्हणाली आणि पदराचं टोक पिळत राहिली.

आमच्याकडे शपथ साधी असते. माणसाने नारळ हातात घ्यायचा, "आजपासून पिवचंय नाय" म्हणायचं, नारळ फोडायचा, झालं. याहून मोठं काही असलं, देवीने काही द्यावं किंवा घ्यावं असं असलं, तर आधी कौल घेतात. गुरव देवीच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. कौलाशिवाय देवीच्या नावावर काही मागू नये, हा रिवाज माझ्या आज्याच्याही आधीपासूनचा.

आणि त्या दिवशी, मागचं ते हसू ऐकल्यावर, मी तो रिवाज गुंडाळून ठेवला.

द्वारकेच्या पदराआड त्यांची मुलगी उभी होती. सुगंधा, दहा वर्षांची. मी तिला दंडाला धरून पुढे ओढलं, विश्रामचा हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"हिच्या माथ्यार हात ठेवून बोल," मी गरजलो. "शपथ मोडलंस तर हिचा काय बरावायट होतला ता तुझ्यार!"

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. द्वारकेने नाही, गुरवाने नाही, देवीने तर नाहीच. मला ते सुचलं, आणि खरं सांगायचं तर, काय सुचलं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो. देऊळ दणाणलं, "व्हय म्हाराजा!" या वेळी विश्राम सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. नारळ फुटला. बायकांनी डोळे पुसले. बाहेर आल्यावर देवस्थानचे पहिले मानकरी आबा परब यांनी माझी पाठ थोपटली. "तातू, आज रंग भरलंस," ते म्हणाले.

पोरीच्या तोंडाकडे कुणी बघितलं का, ते मला ठाऊक नाही. मी बघितलं नव्हतं.

आणि विश्राम सुटला की हो! दिवाळी गेली, कार्तिकातली जत्रा गेली, तो थेंबाला शिवला नाही. त्याच्या अंगणात पुन्हा लाकडं येऊन पडायला लागली. द्वारकेच्या गालांवर मांस धरलं. ती रस्त्यात भेटली की मला वाकून नमस्कार करायची आणि मी तो घ्यायचो. चहाच्या दुकानात विषय निघाला नाही तर मी काढायचो.

मार्चचे दिवस आले. दुपारी मी अंगणात काजूच्या बिया उन्हात पसरत होतो. सुगंधा शाळेतून परस्पर आली आणि पाठीवरचं दप्तर न काढताच पायरीवर बसली.

"तातू, एक इचारू?"

"इचार."

"देवी माका परीक्षेच्या आधी नेतली काय मागीर?"

मी हसलो. म्हटलं, पोरीला कुठल्या तरी जत्रेला जायचं असेल. "खंय नेतली गो तुका?"

तिने बोट वर केलं. आमच्या छपराच्याही वर.

मग ती सांगत गेली, शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं, न अडखळता. पंधरा दिवसांपूर्वी, रविवारी, बाबांचं काम शेजारच्या गावात चाललं होतं. ती डबा घेऊन गेली. बाबा फळ्यांच्या थप्पीमागे बसून गिलासातून पीत होते. त्यांनी तिला बघितलं नाही. ती डबा ठेवून परत आली. संध्याकाळी बाबा लवंग चघळत घरी आले. आईला काही कळलं नाही.

"तू आयेक सांगलंस नाय?"

"सांगलंय तर आये बाबांक घराभायर काढतली."

"आणि बाबांक?"

"बाबांक सांगलंय तर ते भितले. भियाले की ते पितत." तिने दप्तराचा पट्टा ओढून धरला. "म्हणान इचारतंय. परीक्षेच्या आधी नेतली तर अभ्यास कित्याक करू? पण मागीर नेल्यान आणि मी अभ्यास केलंय नाय, तर नापास होतलंय."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"आयेक बसची पाटी वाचूक शिकयलंय," ती पुढे म्हणाली. "सावंतवाडी, बांदा आणि दोडामार्ग येता तिका. कुडाळ आजून येना नाय. मी नसलंय तर ती बाजारात कशी जातली?"

"सुगंधा, तसा काय नसता गो," मी कसाबसा म्हणालो. "देवी असा काय करणा नाय."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मोठ्या माणसाने विसरलेली गोष्ट त्याला आठवून द्यावी तसं.

"पण तुमीच तर बोललास."

ती गेल्यावर मी बराच वेळ उन्हातच बसलो होतो. सुभद्रेने आतून हाका मारल्या, मग ती बाहेर आली. मी तिला सगळं सांगितलं. ती उंबऱ्यावर टेकली.

"पोरां खेळताना एकामेकाक शपथ घालतत," ती म्हणाली. "पण घरी जाताना 'सुटली' म्हणतत. न म्हणता कोण घरी जाणा नाय. तुमका तितकीव अक्कल रवली नाय?"

"देवीपुढची शपथ कशी सोडवू मी?"

"बांधलास कसे?"

मी उठलो आणि विश्रामकडे गेलो. तो मांडवात एकटाच होता, दाराची चौकट तासत होता. माझं तोंड बघूनही त्याने रंधा चालूच ठेवला.

"प्यालंस?" मी विचारलं.

"नाय."

"विश्राम."

रंधा थांबला. तो म्हणाला, "पयल्या दिवशी एकच गिलास, तातू. कामावरची पोरां घेयत होती. घराक इलंय तर सुगंधा जेवत होती. मी तिच्याकडे बघीत रवलंय, आता काय होता म्हणान. काय एक झाला नाय. दुसऱ्या दिवशी ती शिंकली." त्याने दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. "तेच्या फुडे रोज सकाळी उठान तिच्या कपाळाक हात लावतंय, ताप आसा काय बघूक. नसता. पण हातांची कापरी जाणा नाय, आणि मगे घेतल्याशिवाय रंधो धरूक गावणा नाय."

दारू सोडवायला म्हणून पोरीचं जे डोकं मी त्याच्या हाताखाली ठेवलं होतं, त्याच्याच भीतीने तो रोज पीत होता. आणि ज्या कपाळावर तो ताप शोधत होता, त्या कपाळाच्या आत काय चाललंय ते त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. परीक्षेचं सांगितलं, बसच्या पाटीचं सांगितलं. तो लाकडाच्या भुशातच खाली बसला.

"माका काय ता होऊंदे," तो म्हणाला. "तिका सोडव."

द्वारकेला त्यानेच सांगितलं, माझ्यासमोर. मला वाटलं होतं ती आरडाओरडा करील, भांडी फेकील. तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरीबद्दल तिने मला एवढंच विचारलं, "चेडवाक म्हायत होता?" मी मान हलवली. "पंधरा दिवस ती माका पाटये वाचूक शिकवीत होती," ती म्हणाली, "आणि मी हसत होतंय. म्हटलंय, पोर मास्तरीण होतली." मग ती रडली. मला तिथे उभं राहवेना, पण निघून जायची माझी लायकी नव्हती, म्हणून उभा राहिलो.

शपथ चारचौघांत घातली होती, तेव्हा सुटायला हवी तीही चारचौघांतच. शुक्रवारी दुपारच्या पूजेला देवळात माणसं असतात. आदल्या दिवशी मी आबा परबांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. आबा माणूस वाईट नव्हते, पण देवस्थानच्या बाबतीत त्यांचं डोकं पाषाणाचं होतं.

"देवीची शपथ सुटणा नाय," ते म्हणाले. "आज विश्रामाची सोडवलंस, तर उद्या गावातले सगळे बेवडे रांगेत उभे रवतले."

"विश्रामाची सोडवणंय नाय मी. पोरीची सोडवतंय."

"मगे कौल घी. देवीन उजवो दिल्यान तर सोड. डावो दिल्यान तर गप रव."

मी घरी आलो. कौल म्हटल्यावर गावात कुणाला नाही म्हणता येत नाही.

शुक्रवारी देवळात चाळीस-पन्नास माणसं होती. बातमी फिरली होती, नाहीतर शुक्रवारी एवढी येत नाहीत. विश्राम, द्वारका आणि सुगंधा पुढे उभी होती. सुगंधाचे केस घट्ट विंचरलेले, शाळेचे कपडे, कारण तिला परत शाळेत जायचं होतं. गुरवाने पाकळ्या ताटलीत काढून ठेवल्या होत्या. आबा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी गुरवाला मानेने खूण केली. गुरव पाकळ्या पाण्यात बुडवायला लागला.

मी सुगंधाकडे बघितलं. ती देवीच्या मूर्तीकडे बघत होती. आधी उजव्या खांद्याकडे, मग डाव्या. पुन्हा उजव्या. सगळा गाव बघत असताना आणि देवी समोर असताना, डावी पाकळी पडली तर त्यानंतर मी जन्मभर बोललो असतो तरी त्या पोरीच्या डोक्यातून ते निघालं नसतं.

"थांब," मी गुरवाला म्हणालो. "कौल लावू नको."

"तातू!" आबा उठून उभे राहिले.

"आबा, त्या दिवशी मी कौल घेतललंय?"

आबांनी गुरवाकडे बघितलं.

"सांगा. सगळे होते हय. पोरीच्या माथ्यार हात ठेवताना कौल घेतललंय?"

"नाय," गुरव हळूच म्हणाला.

"देवीन चेडू मागितल्यान नाय. मागितलंय मी. देवीक न इचारता तिच्या नावान घातलेली शपथ ती तिची कशी? ती माझी. माझ्या शपथेक देवीचो कौल कित्याक?"

देवळात कुजबुज सुरू झाली. आबांचा चेहरा लाल झाला होता. पण ते रिवाजाचे पक्के होते, आणि रिवाज त्या क्षणी माझ्या बाजूला होता. ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"म्हणजे त्या दिवशी तू देवीच्या नावान खोटा बोललंस," ते म्हणाले.

"व्हय."

"मगे गाऱ्हाण्याचो मान तुझ्याकडे ऱ्हवणा नाय."

"नको ऱ्हवांदे. पण आजचा ह्या एक घालतंय."

कुणी हो म्हणायची वाट न बघता मी देवीकडे वळलो. घरून मी काही जुळवून आलो नव्हतो. आवाजही चढत नव्हता. इतक्या वर्षांत माझं इतकं साधं गाऱ्हाणं कधी झालं नसेल.

"आई सातेरी, ह्या पोरीच्या माथ्यार बापाचो हात मी ठेवललंय. तू मागितलंस नाय."

साथ आली नाही. माणसं आबांकडे बघत होती.

"माका चार माणसांत मोठेपण होया होता, म्हणान केलंय."

काहीच नाही. साथीशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात. मी ते जन्मभर मानत आलो होतो आणि त्या क्षणीही मानत होतो.

"बापाची दारू बापाची. ती सोडवूक तेका आमी मदत करू. पण ह्या चेडवाच्या माथ्यार तेचा काय एक नाय. आज नाय, कधीच नाय."

"व्हय म्हाराजा."

आवाज बाईचा होता. आमच्या देवळात तोवर बाईने साथ दिलेली मी ऐकली नव्हती. द्वारका हात जोडून सरळ देवीकडे बघत होती, आणि तिने तेच पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग विश्रामने म्हटलं. मग मागून सुभद्रेने, आणि तिच्याबरोबर बायकांची अख्खी रांग बोलली. शेवटी पुरुषांनाही तोंडं उघडावी लागली.

मी खाली वाकून सुगंधाच्या डोक्यावरून हात फिरवला. "सुटली," मी तिला म्हणालो, मुलं म्हणतात तसं.

तिने लगेच विश्वास ठेवला नाही. वडलांकडे बघितलं. "पण बाबा परत प्याले तर?"

"तर बाबा आजारी पडतले," द्वारका म्हणाली. "तू नाय."

बाहेर पायऱ्यांवर विश्रामने मला गाठलं. "आता माका शपथ नाय काय?" त्याच्या आवाजात सुटकेपेक्षा धास्ती जास्त होती.

"नाय. प्यालंस तर येवन सांग, इतक्याच."

मान गेला तो गेलाच. आबांनी तो त्यांच्या पुतण्याला दिला. तो गाऱ्हाणं असं घालतो की देवीलाही झोप यावी. मला वाईट वाटलं का? वाटलं. आजही वाटतं.

आणि विश्रामचं म्हणाल तर सांगून टाकतो, त्या शुक्रवारनंतर त्याची दारू सुटली नाही. ती सुटायला पुढे तीन वर्षं गेली. तालुक्याच्या डॉक्टरांचे उपचार झाले, दर गुरुवारी मी आणि तो बसने तालुक्याच्या गावी बैठकीला जायचो, तिथे त्याच्यासारखीच माणसं आणि द्वारकेसारख्या बायका गोल बसून बोलायच्या. शेवटी देवाचं नाव घ्यायचे, ज्याला जो देव हवा तो. मला तिथे गप्प बसायला शिकावं लागलं आणि ते माझ्या वयाला जड गेलं. पण या सगळ्याची सुरुवात झाली ती त्या शुक्रवारनंतर तेराव्या दिवशी.

दुपार उतरली होती, शाळा सुटली होती. विश्राम आमच्या अंगणात आला. वास दहा पावलांवरून आला. तो पडवीत बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "तातू, सांगूक इलंय."

पिऊन कुणासमोर आपणहून येऊन बसायची त्याची ती पहिलीच वेळ. मी त्याला पाणी दिलं. अंगणात सुगंधा आणि शेजारच्या दोन पोरी जमिनीवर रेघा आखून ठिकरी खेळत होत्या. तिने बाबांना फाटकातून येताना बघितलं होतं, चालण्यावरून तिला कळलंही असणार. विश्राम मला सांगत होता, किती घेतली, कुठे घेतली, का घेतली, आणि बोलता बोलता मान वळवून तिच्याकडे बघत होता. ती आता खेळ टाकून येईल, काही विचारील, निदान एकदा वळून बघील, म्हणून मीही बघत होतो.

"रेषेर पाय पडलो तुझो!" सुगंधा त्यातल्या एका पोरीवर ओरडली. "पडलो म्हणजे पडलो! मी बघितलंय!"

ती पोर नाही म्हणत होती. सुगंधाने कमरेला हात लावले आणि अशी काही भांडायला लागली की सुभद्रा आतून बघायला आली. विश्राम रडत होता. सुगंधाचं आमच्याकडे लक्षच नव्हतं.